परतणे आणि परत करणे

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटली आणि बघता बघता दुसरीही पेटून गेली. वेदीवरचे वस्त्र जांभळे झाले, मिस्सामधले गौरवगीत काही आठवड्यांपुरते थांबले. आज तिसरा रविवार. आपल्या साखरखेर्डा परिसरात हे दिवस कसे असतात ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. रानात कापसाची वेचणी चाललेली असते. सोयाबीन एक तर विकून झालेले असते, नाही तर भाव चढेल या आशेवर घरात पोत्यांत पडून असते. तुरीला शेंगा धरलेल्या असतात, हरभऱ्याला पाणी द्यायचे असते आणि वीज नेमकी रात्रीची येते. या सगळ्या धावपळीत मुले चांदणीसाठी बांबूच्या कामट्या शोधत फिरतात, बायका फराळाच्या रव्या-मैद्याचा हिशोब करतात, आणि धर्मगुरू आपल्याला वेदीवरून सांगतात की, पापनिवेदनाला या, प्रभूसाठी मन तयार करा.

मन तयार करायचे म्हणजे नेमके काय करायचे? वर्षानुवर्षे आम्ही या प्रश्नाचे उत्तर असे समजत आलो : झालेल्या चुका आठवायच्या, त्यांचे वाईट वाटून घ्यायचे, धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून त्या सांगायच्या, नेमून दिलेली प्रार्थना म्हणायची आणि हलक्या मनाने घरी यायचे. यात चुकीचे काहीच नाही. ख्रिस्तसभेने हा संस्कार आपल्या हिताकरिताच दिला आहे. परंतु एवढ्याने पश्चात्ताप पुरा होतो का, हा प्रश्न या वर्षी आम्हाला स्वस्थ बसू देईना. तो आपल्यासमोर ठेवावा म्हणून हा लेख.

आगमनकाळाचा दुसरा रविवार दरवर्षी योहानाचा असतो. तीन वर्षांच्या वाचनचक्रात कधी मत्तय, कधी मार्क, कधी लूक आपल्याला ऐकायला मिळतो, पण रानात उभा राहून हाक देणारा माणूस तोच असतो. ती हाक मुळात यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातली (यशया ४०:३-५). परमेश्वराची वाट नीट करा, खोलगट जागा भरून काढा, उंचवटे खाली आणा, वाकडे असेल ते सरळ करा, असा तिचा आशय. जुन्या काळी राजा यायचा असला की त्याच्या पुढे माणसे जाऊन रस्ता दुरुस्त करीत. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र असणार.

साखरखेर्ड्याला राजे आणि त्यांच्या फौजा काही नव्या नाहीत. ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई याच मातीवर झाली. मुबारिझखान मारला गेला आणि हैदराबादच्या निजामी राज्याचा पाया घातला गेला. जिंकणाऱ्याने गावाला विजयाचे म्हणून फत्तेखेर्डा असे नाव दिले. आज ते नाव कोण घेतो? राजा आला, राजा गेला, साखरखेर्डा आपले साखरखेर्डाच राहिले.

आणि आपल्या डोळ्यांदेखत एक नवा राजमार्गही झाला. नागपूरहून मुंबईकडे जाणारा, आपल्या सिंदखेड राजा आणि शेजारच्या मेहकर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग, लांबी ७०१ किलोमीटर. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो रविवार होता, आणि तोही आगमनकाळाचा तिसरा. शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. डोंगर कापले, नाले भरले, वळणे काढून टाकली. यशयाची वचने कोणी ठेकेदाराने वाचून कामाला लावली की काय, असे आम्हाला तेव्हा गंमतीने वाटले होते.

पण आपल्या शेताकडे जाणाऱ्या पांदणीचे काय? गावाच्या नकाशावर ती आहे. आजोबांच्या काळी तिच्यातून बैलगाडी जात होती, समोरून दुसरी आली तर बाजूला सरून वाट देता येत होती. आज काही ठिकाणी एक बैलजोडी कशीबशी निघते. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल होतो की ट्रॅक्टर रुततो, काढलेले सोयाबीन शेतातच भिजते, आजारी माणसाला डांबरी रस्त्यापर्यंत उचलून आणावे लागते. सरकारने पांदण रस्त्यांसाठी योजना केल्या. २०२१ साली तर मातोश्रींच्या नावाने मोठी योजना आली. रस्त्याच्या मागणी अर्जावर सर्वांच्या सह्या असतात. मग जेसीबी येतो, आणि पहिल्याच शेतापाशी थांबतो. कारण पांदण आपोआप अरुंद झालेली नाही. दोन्ही बाजूंनी आपणच दरवर्षी एक-एक तास आत नांगरत आलो. रस्ता सर्वांना हवा आहे. आपल्या वाट्याचे दोन हात मागे सरायला मात्र कोणी तयार नाही.

महामार्गाला पैसा लागतो, यंत्रे लागतात. पांदणीला मुख्यतः एवढेच लागते की ज्याने जे घेतले ते त्याने सोडावे. आणि ते यंत्रापेक्षा कठीण आहे.

लूककृत शुभवर्तमानात (लूक ३:१०-१४) योहानाचे बोलणे ऐकून लोक घाबरतात आणि विचारतात, मग आम्ही करावे तरी काय? योहानाने काय उत्तर दिले ते नीट पाहावे. तो त्यांना रडायला सांगत नाही. उपास वाढवा, यज्ञबळी द्या, यरुशलेमची यात्रा करा, असेही सांगत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांनी नेमून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नये. शिपायांनी दरडावून, खोटे आळ घेऊन कोणाचे लुबाडू नये. एकूण एक उत्तर हाताशी संबंधित आहे : हातात काय आहे, ते कोणाचे आहे, आणि ते तिथे कसे आले.

हाच योहान आज आपल्या शिवारात आला आणि संध्याकाळी कापूस मोजायच्या वेळी काट्याजवळ उभा राहिला, तर काय म्हणेल? दिवसभर वाकून वेचलेले बाई आणून टाकते. सकाळचा कापूस दवाने जड असतो म्हणून काही कमी धरायचे, एवढे दोघांनाही मान्य असते. पण 'काही' म्हणजे किती, हे काटा धरणारा ठरवतो. अर्धा किलो इकडे, पाव किलो तिकडे. तिला आकडा वाचता येत नसेल तर आणखी सोपे. जाता जाता एक सांगून ठेवतो. योहानाने शिपायांना आपल्या पगारात समाधान मानायला सांगितले, हे वचन काही मंडळी मजुरीचा दर वाढवून मागणाऱ्या बायांना ऐकवतात. योहानाने ते दांडगाई करणाऱ्या शस्त्रधारी शिपायांना सांगितले होते, उन्हात वाकणाऱ्या मजुराला नव्हे.

आता 'पश्चात्ताप' हा शब्द पाहू. पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप म्हणजे जळणे. झाल्यावर मनाला जी आग लागते तो पश्चात्ताप. शब्द सुंदर आहे, खराही आहे. पण तो जळण्यापाशी थांबतो. शुभवर्तमानाच्या ग्रीक भाषेत 'मेतानोइया' असा शब्द आहे, त्याचा अर्थ मन पालटणे. आणि जुन्या करारातील संदेष्टे जो हिब्रू शब्द पुन्हा पुन्हा वापरतात, 'शूव', त्याचा अर्थ तर अगदी साधा आहे : मागे फिरणे, परतणे. आपल्या मराठीत परतणे आणि परत करणे हे दोन शब्द एकाच घरचे आहेत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यामुळे परतणे आपल्याला आवडते. परत करणे मात्र आपण ऐकले न ऐकलेसे करतो.

याच आगमनकाळातल्या एका रविवारची एक खरी घटना येथे सांगावीशी वाटते. ती फार दूरची आहे आणि पाचशे वर्षांपूर्वीची आहे, पण ऐकताना ती आपल्याच चर्चमध्ये घडल्यासारखी वाटेल.

कोलंबस १४९२ साली ज्या बेटांवर पोहोचला त्यांपैकी एक हिस्पॅनिओला. आज तेथे हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताक असे दोन देश आहेत. स्पेनहून आलेल्या लोकांनी तेथील मूळ रहिवासी, तायनो लोक, आपसांत वाटून घेतले आणि त्यांना सोन्याच्या खाणींत आणि शेतांवर राबवले. माणसे उपासमारीने, मारहाणीने, रोगांनी मरत होती. हे राबवणारे सगळे कॅथॉलिक होते. मिस्साला येत होते, पापनिवेदन करीत होते, नाताळ साजरा करीत होते. १५१० साली डॉमिनिकन संघाचे काही संन्यासी त्या बेटावर आले. त्यांनी वर्षभर डोळे उघडे ठेवून पाहिले. मग सर्वांनी मिळून एक प्रवचन लिहिले, त्यावर सह्या केल्या आणि ते सांगण्यासाठी आपल्यातल्या अंतोनियो दे मोंतेसिनोस यांना निवडले. २१ डिसेंबर १५११, आगमनकाळाचा चौथा रविवार. सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये खुद्द कोलंबसाचा मुलगा, त्या बेटाचा कारभारी दिएगो कोलंबस, बसलेला होता. फादर मोंतेसिनोस यांनी वचन घेतले ते रानात हाक देणाऱ्या योहानाचे. आणि सांगितले की, या निष्पाप लोकांना तुम्ही जे वागवता त्यामुळे तुम्ही सगळे प्राणघातक पापात जगत आहात. त्यांनी विचारले, ही माणसे नाहीत का?

मिस्सा झाल्यावर मोठमोठी मंडळी चिडून मठात गेली. शब्द मागे घ्या, नाही तर परिणाम भोगा. मठाचे प्रमुख पेद्रो दे कोर्दोबा यांनी शांतपणे सांगितले की, ते प्रवचन एकट्याचे नाही, आम्हा सर्वांचे आहे. शेवटी पुढच्या रविवारी मोंतेसिनोसच पुन्हा बोलतील असे ठरले. ते नमते घेतील अशा अपेक्षेने चर्च भरून गेले. त्यांनी नमते घेतले नाही. उलट आणखी एक गोष्ट सांगितली : तुम्ही या लोकांना सोडत नाही तोवर आम्ही तुमचे पापनिवेदन ऐकणार नाही.

कसे वाटले असेल त्यांना? ते देवाची क्षमा मागायला तयार होते. वाईट वाटून घ्यायलाही तयार असतील. फक्त ज्यांच्या घामावर घर उभे होते त्यांना सोडायला तयार नव्हते. त्यांनी राजाकडे तक्रार केली. त्या दोन रविवारी चर्चमध्ये बसलेल्यांपैकी कोणी लगेच बदलल्याचे दिसत नाही.

पण बीज पडले होते. त्याच वसाहतीत बार्तोलोमे दे लास कासास नावाचा एक तरुण धर्मगुरू होता. त्याच्याजवळही राबणारी माणसे होती. एका डॉमिनिकन संन्याशाने त्याला पापक्षमा देण्याचे नाकारले होते. त्याने वाद घातला आणि आपले चालूच ठेवले. दोन-अडीच वर्षे गेली. १५१४ साली क्यूबा बेटावर तो एका प्रवचनाची तयारी करीत असताना जुन्या करारातील बेन सिरा यांच्या ग्रंथाचा ३४वा अध्याय त्याच्या वाचनात आला. अन्यायाने मिळवलेल्या मालातून केलेले अर्पण देवाला चालत नाही, गरिबाची भाकरी हिरावणारा हा खुनी आहे, अशा अर्थाची वचने तेथे आहेत. धर्मगुरू असल्यामुळे त्याने ती आधीही वाचली असतील. या वेळी ती लागली. त्याने आपल्या ताब्यातली माणसे सोडून दिली आणि १५ ऑगस्ट रोजी प्रवचनातून ते जाहीर केले. पुढे तो चियापासचा बिशप झाला, आणि आपल्या धर्मगुरूंना त्याने बजावले की, लुबाडलेले परत करण्याची तयारी नसलेल्यांना पापक्षमा देऊ नका. मोंतेसिनोस यांचे ते प्रवचन आज आपल्याला माहीत आहे तेही लास कासास यांनी लिहून ठेवले म्हणूनच.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. याच लास कासास यांनी नंतर मूळ रहिवाशांना वाचवण्याच्या कळकळीत आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे सुचवले होते. एकाचे ओझे काढून दुसऱ्याच्या डोक्यावर. म्हातारपणी त्यांना त्याचा फार पस्तावा झाला आणि तोही त्यांनी लिहून ठेवला. परतण्याची वाट एका दिवसात चालून संपत नाही.

हे ऐकून कोणी म्हणेल, ते संन्यासी फार कडक होते. पण त्यांनी नवीन काही सांगितले नव्हते. त्यांच्या अकराशे वर्षे आधी संत अगस्तीन यांनी मॅसिडोनियस नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात हेच म्हटले आहे : घेतलेली वस्तू परत करणे शक्य असून जो करत नाही, त्याचा पश्चात्ताप हा पश्चात्ताप नसून सोंग आहे. 'शक्य असून' हे त्यातले शब्द महत्त्वाचे. ज्याच्याजवळ परत करायला उरलेच नाही त्याला संतांनी कोंडीत पकडलेले नाही. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथातही (परिच्छेद १४५९) स्पष्ट आहे की पापक्षमा पाप काढून टाकते, पण पापाने केलेली मोडतोड ती दुरुस्त करत नाही. चोरलेले परत करणे, बदनाम केलेल्याचे नाव पुन्हा उजळ करणे, जखमेची भरपाई करणे, हे आपल्याकडे राहते.

आता आम्ही आमच्या घरातली गोष्ट सांगतो. सांगायला जड जाते, पण त्याशिवाय हे सगळे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात नांगर घालण्यासारखे होईल.

आमच्या आणि शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर एक बाभूळ आहे. आमच्या लहानपणी ती बरोबर धुऱ्यावर होती. दोन्ही घरची माणसे दुपारी तिच्या सावलीत भाकरी सोडत. एकमेकांच्या चटणीची चव आम्हाला ठाऊक होती. पुढे शेजारच्या घरातले कर्ते काका वारले, मुले कामासाठी शहरात गेली आणि त्यांचे शेत बटईने दिले जाऊ लागले. बटईवाला वर्षाला बदलतो, धुऱ्याकडे कोण बघतो? आज ती बाभूळ आमच्या पिकात उभी आहे. धुऱ्यापासून मोजली तर चांगली पाच-सहा पावले आत. झाड काही चालत आले नाही.

हे वडिलांच्या काळात सुरू झाले. एका वर्षी एक तास, पुढच्या वर्षी आणखी एक. आम्ही फक्त वहीत राहिलो. आम्ही दर आगमनकाळी पापनिवेदन केले. राग केला, शिवी दिली, रविवारची मिस्सा चुकवली, सगळे सांगितले. बाभळीचे कधी सांगितले नाही. लपवले असे नाही. ते आमच्या यादीतच नव्हते. अनुवाद ग्रंथात (२७:१७) शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्यावर शाप उच्चारला आहे आणि सर्व लोकांनी त्याला 'आमेन' म्हणायचे आहे. तेही वाचन ऐकून आम्ही पुन्हा जागेवर बसलो असू.

मनात पहिला विचार आला तो कायद्याचा. दुसऱ्याची जमीन बारा वर्षे उघडपणे, अखंड वहिवाटीत राहिली आणि मालकाने हरकत घेतली नाही, तर त्याचा हक्क बुडू शकतो, अशी मुदत १९६३ च्या मुदत कायद्यात आहे. गावात हे सर्वांना पाठ असते. कायद्याला कुठे तरी मुदत घालावीच लागते, नाही तर कज्जे कधी संपायचेच नाहीत, हे आम्हाला पटते. पण तहसिलात प्रश्न असतो की वाद केव्हा मिटवायचा. आगमनकाळातला प्रश्न वेगळा आहे : ही जमीन कोणाची? त्या प्रश्नाला बारा वर्षांची मुदत लागू पडत नाही. बारा वर्षे फळ खाल्ल्याने झाड आपले झाले, हे न्यायाधीश म्हणू शकतील. ज्याच्या येण्याची आपण वाट पाहतो तो असे म्हणेल, हे आम्हाला वाटत नाही. सोळा डिसेंबरपर्यंतची उपासना गोठ्यातल्या बाळापेक्षा न्याय करायला पुन्हा येणाऱ्या प्रभूकडेच अधिक पाहते, हे आपण चांदण्या टांगण्याच्या नादात विसरतो.

दुसरा विचार अधिक चिवट होता. घेतले वडिलांनी, आम्ही का द्यावे? वडील प्रेमळ होते, कष्टाळू होते, त्यांनी ते आमच्या पोटासाठी केले. आता परत केले तर गावासमोर त्यांना चोर ठरवल्यासारखे होईल. हा विचार आम्हाला फार दिवस पुरला. संत थॉमस अक्विनास यांनी या प्रश्नात एक फरक दाखवला आहे, तो आम्हाला उपयोगी पडला. घेण्याच्या कृतीचा दोष एक, आणि दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असणे हे वेगळे. कृतीचा दोष ज्याचा त्याचा. पण वस्तू ज्याच्या हातात आहे त्याला, त्याने ती घेतली नसली तरी, ती परत करायची असते; कारण ती त्याची नाही. म्हणजे वडिलांचा न्याय करायचे काम आमचे नाही, ते देवाचे आहे, आणि तो दयाळू आहे. आमच्याकडे फक्त पाच-सहा पावले आहेत. मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करतो, तसे त्याच्या हातून राहिलेले परत करणे हीसुद्धा त्याच्यासाठी केलेली प्रार्थनाच आहे, असे आता आम्हाला वाटते.

जमिनीचे निदान मोजता तरी येते. नावाचे काय? ओट्यावर बसून एखाद्या मुलीविषयी बोललेले वाक्य, एखाद्याच्या हिशोबाविषयी टाकलेली शंका, हे किती घरांत पोहोचले ते कोण मोजणार? धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २४८७) म्हणतो की सत्याविरुद्ध आणि न्यायाविरुद्ध केलेल्या अशा अपराधाची भरपाई क्षमा मिळाल्यावरही करावीच लागते. निदान ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्यापुढे जाऊन, मी चुकीचे बोललो होतो, एवढे म्हणता येते. आम्ही हे आजवर कोणाला करताना पाहिलेले नाही, आणि आम्हीही केलेले नाही.

एक शंका राहते. परत केल्यावरच क्षमा मिळणार असेल तर मग क्षमा ही विकत घेतलेली झाली; देवाची कृपा कुठे राहिली? जक्कयाची गोष्ट (लूक १९:१-१०) या शंकेसाठीच असावी. येशू आधी त्याला हाक मारतो, आधी त्याच्या घरी जातो. लोक कुरकुर करतात. अजून जक्कयाने एक पैसाही परत केलेला नाही. मग तो उभा राहतो आणि सांगतो की अर्धे गरिबांना, आणि ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट. पाहुणा आधी घरात आला, नंतर घरातले दुसऱ्यांचे सामान मालकाला दिसू लागले. ज्याच्या मनात क्षमेची खात्री नाही तो माणूस आपल्याजवळचे धरूनच ठेवणार, कारण त्याला तेवढाच आधार असतो. म्हणून पापनिवेदनाची रांग आणि शेजाऱ्याचे दार ही एकाच वाटेवरची दोन ठिकाणे आहेत. डोंगरावरील प्रवचनात तर प्रभूने अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४).

आणि आपल्यातल्या ज्या बंधू-भगिनींजवळ परत करायला काहीच नाही, ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्यांचेच दुसऱ्यांनी घेतले आहे, त्यांनी हा लेख वाचून आणखी एक ओझे उचलू नये. योहानाने प्रत्येकाला वेगळे उत्तर दिले होते. दोन अंगरखे नसलेल्याला त्याने अंगरखा मागितला नाही. ज्यांची पांदण बुडाली त्यांनी पश्चात्ताप करायचा नसतो. त्यांना वाट मिळायची असते. आपल्या काळी मोंतेसिनोस कोणाच्या बाजूने उभे राहिले असते, हे त्यांनी निश्चिंत मनाने ओळखावे.

मागच्या रविवारी, मिस्सानंतर, आम्ही शेजारच्या घरी गेलो. काकांचा थोरला मुलगा दिवाळीपासून गावीच आहे. ओट्यावर बसलो. कापसाचे झाले, विजेचे झाले, पाण्याचे झाले. मग बाभळीचे काढले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, इतके वर्ष गेले. आताच काहून आठवलं?"

आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. नाताळ येतो आहे म्हणून, असे काहीतरी आम्ही बोललो. त्याने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते कळले नाही. आतून चहा आला. चहा घेताना तो म्हणाला, "आईले आधी इचारतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मिळून मोजणीचा अर्ज भरला आहे. तारीख अजून मिळायची आहे, आणि ती नाताळच्या आधी मिळेल असे दिसत नाही. या वर्षीची चांदणी मुलांनी त्या बाभळीवर टांगायची म्हटली आहे. झाड कोणाचे, हे त्यांना आम्ही अजून सांगितलेले नाही.